पहिले दीड हजार कुठे घालाल?

दिवाळीच्या आधी आणि मार्चअखेरीस ग्वाल्हेरात फोनवर एक निरोप हमखास येतो: ‘संपूर्ण शरीर तपासणी, ८० टेस्ट, फक्त १,४९९ रुपये, नमुना घरी येऊन नेऊ.’ आकडा मोठा, भाव छोटा, आणि वाचणारा तिशीतला माणूस नुकतीच कुणीतरी जिममध्ये कोसळल्याची बातमी वाचून धास्तावलेला. तो पैसे भरून मोकळा होतो. पण हे ८० येतात कुठून? रक्ताची साधी गणना, म्हणजे सीबीसी, ही खरं तर एक तपासणी. तिच्यातल्या हिमोग्लोबिनपासून प्लेटलेटपर्यंतच्या वीसेक ओळी मात्र वेगवेगळ्या मोजल्या जातात. लिव्हरच्या दहा-अकरा ओळी, लघवीच्या पंधराएक, थायरॉइडच्या तीन, लिपिडच्या आठ. पाच तपासण्यांत साठाच्या आसपास पोचलो. उरलेल्यांत व्हिटॅमिन डी, बी-१२, लोह असली भरती. हृदयविकार आणि लकवा यांचा धोका सांगणाऱ्या ओळी या सगळ्यात बोटांवर मोजण्याइतक्या. धोक्याची सर्वांत मोठी खूण म्हणजे रक्तदाब. तो पॅकेजात नसतोच, कारण तो नळीत भरून नेता येत नाही.

पुढचा हिशेब वीस ते पंचेचाळीस वयाच्या, सध्या काहीही त्रास नसलेल्या माणसासाठी आहे. छातीत दुखतंय, जिने चढताना धाप लागतेय, असं ज्याला होतंय त्याने हा लेख बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. दर खाजगी लॅबचे आणि अंदाजे आहेत. शहराच्या लष्कर भागातली लॅब, मुरारमधली लॅब आणि मोठ्या साखळीचं कलेक्शन सेंटर यांच्या भावात सहज दीडपट फरक पडतो, म्हणून फोन करून भाव विचारायला लाजू नका. आणि बिलावर जीएसटी लावलेला दिसला तर कारण विचारा. रोगनिदानाच्या तपासण्यांना जीएसटी लागत नाही.

आधी एक जुना अभ्यास, कारण खर्चाचा सगळा क्रम त्यावरून ठरतो. २००७ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांचा लेख आला. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट पाहणीतले दक्षिण आशियातले रुग्ण त्यांनी वेगळे काढून पाहिले. हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचं सरासरी वय आपल्याकडे ५३ निघालं, इतर देशांत जवळपास ५९. ही सहा वर्षांची तफावत बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते. तिच्याबरोबर आलेला दुसरा निष्कर्ष मात्र फारसा कुणी सांगत नाही: आपली कारणं जगावेगळी नाहीत. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, ताण, फळंभाज्यांची आणि व्यायामाची कमतरता, हीच मंडळी. ती आपल्याला फक्त लवकर गाठतात. लकव्याच्या बाबतीत इंटरस्ट्रोक या पाहणीनेही जवळपास हेच दाखवलं, आणि तिथे रक्तदाब पहिल्या क्रमांकावर होता. म्हणजे तरुण वयातला धोका शोधायला अद्भुत, महागड्या तपासण्या लागतातच असं नाही. स्वस्त तपासण्या लवकर कराव्या लागतात.

खिशाला हात न लावता

शिंप्याची टेप घरात असतेच. नसली तर वीस रुपये. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजायचा. आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही मर्यादा धरतात. पँटचं माप इथे चालत नाही. पोट सुटलं की पँट खाली सरकते आणि माप ३४ चं ३४ राहतं, ही पुरुषांची जुनी सोय आहे.

‘मी तर बारीक आहे’ म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा फोटो पुरेसा आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी आपले दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच शेरा देतो, टेप देत नाही. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची ‘जास्त वजना’ची रेघ २५ वर नाही, २३ वर धरतात. आणि म्हणूनच हातपाय काडीसारखे व पोट पुढे आलेला पोरगा पॅकेजवाल्याच्या वजनाच्या रकान्यात ‘नॉर्मल’ म्हणून निघून जातो.

दुसरी फुकटची तपासणी म्हणजे घरातली चौकशी. वडील किंवा सख्खा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा सख्खी बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकार किंवा लकवा झाला असेल तर तुमचा धोका वाढतो. हे डॉक्टर दोन मिनिटांत विचारतो, आणि आपण ‘नाही, तसं काही नाही’ म्हणून टाकतो, कारण आपल्याला माहीतच नसतं. ‘काका बसल्या बसल्या गेले’, ‘मामांना गॅस चढला होता’, ‘आजोबांना वारं गेलं होतं’ असल्या वाक्यांमागे काय होतं हे घरातल्या थोरल्या आत्याला नाही तर आजीला नीट विचारावं लागतं. गणपतीत सगळे जमतात तेव्हा वय, वर्ष आणि काय झालं होतं एवढं लिहून घ्यायचं. सख्ख्यांची नोंद आधी. काका-मामांचीही करून ठेवा.

आरशातही एकदा पाहा. पंचेचाळिशीच्या आत बुबुळाच्या कडेला पांढरट कडं दिसू लागलं, किंवा टाचेच्या वरची शीर जाडजूड, गाठाळ लागली, तर कोलेस्टेरॉल जन्मापासूनच जास्त असण्याची शक्यता असते. हा आनुवंशिक प्रकार अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो. एका घरात एकाला सापडला की भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करावी लागते.

बायकांसाठी आणखी एक कागद फार मोलाचा, आणि तोच सर्वांत आधी रद्दीत जातो: बाळंतपणाची फाईल. प्रसूती कमलाराजा रुग्णालयात झाली असो की खाजगीत, ती फाईल जपून ठेवा. गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का, प्री-एक्लॅम्पसिया झाला होता का, साखर वाढली होती का, हे तिच्यात लिहिलेलं असतं. ज्यांना प्री-एक्लॅम्पसिया झाला त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. गरोदरपणातल्या मधुमेहानंतर सहा ते बारा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून साखर पाहायची असते. तपासणी दोन-तीनशे रुपयांची, पण तेव्हा घर बाळाच्या लंगोटांत बुडालेलं असतं आणि सासूबाई म्हणतात, ‘आता कसली शुगर, ती तर पोटुशी होती तेव्हा होती.’ म्हणून राहून जाते. राहिली असेल तर आत्ता करा, मूल शाळेत जायला लागलं असलं तरी.

दोन हजारांचं यंत्र

घरात एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ती दंडावर पट्टा बांधायचं बीपीचं यंत्र. बऱ्यापैकी यंत्र १,५०० ते २,५०० रुपयांत मिळतं. मनगटाचं घेऊ नका. बोटाचं तर अजिबात नको. स्मार्ट घड्याळाचा बीपीचा आकडा मनोरंजन म्हणून पाहा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा. लहान पट्ट्यावर बीपी उगाच जास्त दिसतो. एक यंत्र चार घरांना पुरतं, तेव्हा वाड्यात किंवा अपार्टमेंटमध्ये वर्गणी काढून घेतलं तरी चालेल.

खरी गोम मोजण्याच्या पद्धतीत आहे. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात छातीच्या उंचीला टेबलावर. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, व्यायाम बंद, आणि लघवी तुंबवून बसायचं नाही. मिनिटभराच्या अंतराने दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी ती १३५/८५ किंवा वर आली तर डॉक्टरकडे जायचं. दवाखान्यातली रेघ १४०/९० आहे, कारण तिथे माणूस मुळात घाबरलेला असतो. उलटही होतं: दवाखान्यात १२८, घरी रोज १४२. अशी माणसं वर्षानुवर्षं निसटतात.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. दर तिघांत एक. त्यात तिशी-चाळिशीतलेही येतात, आणि उच्च रक्तदाबात बहुतेकदा डोकं दुखत नाही. ‘डोकं दुखलं की बीपी वाढलाय हे मला कळतं’ हा समज आधी घराबाहेर काढा.

रक्ताचे दीड हजार

आता लॅब. पहिल्या वेळेला पुरेशा तपासण्या अशा: लिपिड प्रोफाइल, ४०० ते ७०० रुपये, उपाशीपोटी साखर, ६० ते १००, तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीए१सी, ३५० ते ५००, क्रिएटिनिन, १२० ते २००. बेरीज हजार ते दीड हजार. रक्तदाब किंवा साखर बिघडलेली निघाली तर लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, आणखी ४०० ते ७००. किडनीतून प्रथिन गळायला लागणं ही रक्तवाहिन्या खराब होत असल्याची फार लवकर दिसणारी खूण आहे, आणि ८० ओळींच्या पॅकेजात ती क्वचितच असते.

एचबीए१सी आणि उपाशीपोटीची साखर दोन्ही का? एकीवर भागवायचा मोह होतो. पण अंगात लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटाच वर दाखवतो, आणि आपल्याकडच्या बायकांत लोहाची कमतरता घरोघरी आहे. दोन आकडे शेजारी असले की फसगत टळते. उपाशीपोटी १०० ते १२५ आणि एचबीए१सी ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा टप्पा. १२६ आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. आकडा त्या रेघेवर आला आणि त्रास काही नसला तर दुसऱ्यांदा करून खात्री करतात.

लिपिडचा कागद मात्र नीट वाचायला शिका, कारण इथेच लॅबचा तारांकित ठळक अक्षरांचा खेळ फसवतो. समजा एका ३३ वर्षांच्या माणसाचं एकूण कोलेस्टेरॉल २१०, चांगलं म्हणतात ते एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड २४०. लॅब एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, काढते ते पुष्कळदा सूत्राने: एकूणातून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. २१० उणे ३६ उणे ४८, म्हणजे १२६. कागदावर १२६ पाहून माणूस खूश. पण पाटीवरची साधी वजाबाकी करा: एकूण उणे एचडीएल, म्हणजे १७४. याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमन्यांत साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल त्यात येतं, आणि ते १३० च्या आत हवं. ट्रायग्लिसराइड जास्त असणं, एचडीएल कमी असणं आणि पोट सुटलेलं असणं ही आपल्याकडची नेहमीची तिकडी, आणि तिच्यात एलडीएलचा आकडा हटकून साळसूद दिसतो. नॉन-एचडीएलला वेगळे पैसे पडत नाहीत. कुणी ‘डायरेक्ट एलडीएल’ किंवा ‘अॅडव्हान्स्ड लिपिड’ जास्त पैशांत सुचवलं तर आधी ही वजाबाकी करून बघा. एलडीएल १९० किंवा वर असेल तर मात्र वजाबाकीचीही गरज नाही, सरळ डॉक्टर.

लिपिडसाठी रात्रभर उपाशी राहण्याची सक्ती आता बहुतेक ठिकाणी नाही. साखरेसाठी उपाशी जाणारच आहात तर एकाच टोचणीत दोन्ही होतात. ताप येऊन गेल्यावर लगेच, किंवा लग्नाच्या पंगतींच्या आठवड्यात जाऊ नका. नया बाजारात बहादुराचे लाडू आदल्या रात्री खाऊन सकाळी ट्रायग्लिसराइड तपासलं तर कागद लाडवांचीच हकीकत सांगेल. मे-जूनमध्ये सकाळी लवकर रक्त द्या. बाहेर ४५ अंश असताना दुपारी स्कूटरच्या डिकीतून फिरणाऱ्या नमुन्यावर माझा फारसा विश्वास नाही. लॅबला एनएबीएलची मान्यता आहे का पाहा, आणि नमुना इथेच तपासणार की दिल्लीला पाठवणार तेही विचारा. पाठवण्यात गैर काही नाही, फक्त दोन दिवस धरून ठेवा.

आयुष्यात एकदाच

या वयात आणखी एका रक्ततपासणीवर पैसे घालावेत असं मला वाटतं, आणि बरेच डॉक्टर आपण होऊन ती लिहून देत नाहीत: लायपोप्रोटीन-ए. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ साली शोधलेला हा कण एलडीएलचाच भाऊबंद. फरक इतका की त्याचं प्रमाण जवळजवळ पूर्ण जनुकांवर ठरतं. पथ्य, पळणं, योगासनं, काहीही केलं तरी ते फारसं हलत नाही. भारतीय उपखंडातल्या लोकांत साधारण चौघांत एकाचा आकडा ५० मिलिग्रॅमच्या वर असतो. तो हलत नाही म्हणूनच एकदा केली की पुरते. ८०० ते १,५०० रुपये, एकदाच. भारतातल्या लिपिड तज्ज्ञांची संघटनाही प्रत्येक प्रौढाची ती आयुष्यात एकदा व्हावी असं सुचवते.

जवळच्या घरात कुणाला लहान वयात झटका आला असेल तर ही चैन समजू नका. तसं काही नसेल आणि खिसा आखडता असेल तर पुढच्या वर्षी करा, आभाळ कोसळत नाही. कागदावर एकक मात्र बघा. काही लॅब मिलिग्रॅममध्ये देतात, काही नॅनोमोलमध्ये. एकीकडे ५० ही रेघ, दुसरीकडे १२५. ‘शंभर आलंय’ एवढंच फोनवर सांगून काहीच कळत नाही. आकडा जास्त निघाला तरी सध्या करायचं ते इतकंच: बाकी जे आपल्या हातात आहे, म्हणजे एलडीएल, बीपी, साखर, तंबाखू, ते जास्त कडकपणे धरायचं.

इथे पैसे घालू नका

त्रास नसलेल्या तिशीतल्या माणसाने आपल्या मनाने टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर पळवून काढायचा ईसीजी, करू नये. १,००० ते २,००० रुपये लागतात. ती तपासणी रक्तपुरवठा आत्ता अडतोय का हे पाहते. धमनी जेमतेम खराब होऊ लागली असेल तर ती सहज पास होते. आणि धोका कमी असलेल्यांत, विशेषतः बायकांत, ती उगाच ‘पॉझिटिव्ह’ येते. मग दिल्लीची गाडी, सीटी अँजिओग्राफी, आठ ते पंधरा हजार, घरात आठवडाभर रडारड. मानेच्या धमन्यांची डॉप्लर तपासणी, १,५०० ते ३,०००, हिचंही तेच. होमोसिस्टीन या रक्ततपासणीचंही. टूडी एको दीड-दोन हजारांचा, उपयोगी आहे, पण डॉक्टरला छातीत कुरकुर ऐकू आली किंवा लहानपणी सांधेदुखीच्या तापाने झडप खराब झाल्याचा संशय असला तर. तशी झडप हे तरुणपणीच्या लकव्याचं आपल्याकडचं एक खरं कारण आहे.

सीटी कॅल्शियम स्कोअर ही मधली गोष्ट. २,५०० ते ५,००० रुपये, इंजेक्शन नाही, किरणोत्सर्गही कमी. पंचेचाळिशीकडे झुकलेल्या, घराण्यात आजार असलेल्या आणि ‘गोळी सुरू करू की नको’ या काठावर उभ्या माणसाला तिचा उपयोग होतो. अठ्ठाविसाव्या वर्षी शून्य आला तर मात्र फार हुरळू नका. त्या वयात साचलेला थर मऊ असतो, त्यात कॅल्शियम अजून उतरलेलं नसतं. सोय सगळ्या सेंटरमध्ये नसते, निघण्याआधी फोन करा.

आणि एक ‘सेवा’ फुकट मिळते ती नाकारा: दाढी झाल्यावर न्हाव्याने मान दोन्ही बाजूंना कडकन मोडून देणं. मानेच्या मागच्या धमनीला त्या झटक्याने चीर पडू शकते, आणि तरुणांतल्या लकव्याचं ते एक नोंदलेलं कारण आहे. चंपी खुशाल करून घ्या.

सरकारी वाट

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर आयुष्मान आरोग्य मंदिरात फुकट तपासायची सोय आहे. राष्ट्रीय कार्यक्रमाचाच तो भाग आहे, आणि कार्ड असो-नसो, मागता येते. पुढच्या रक्ततपासण्यांसाठी मुरारचं जिल्हा रुग्णालय आणि जयारोग्य रुग्णालय. जयारोग्यच्या हजार बिस्तरमध्ये सकाळी परचा काढायला लवकर गेलात तर काम त्याच दिवशी मार्गी लागायची शक्यता जास्त. इथे पैसे वाचतात, सकाळ जाते. रोजंदारीच्या माणसाची सकाळ म्हणजे पाच-सहाशे रुपये, तेव्हा ‘फुकट’ हा शब्द प्रत्येकाने आपल्या हिशेबाने वाचावा.

आयुष्मान कार्डाबद्दल मोठा गैरसमज आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं ते भरती झाल्यावर. स्टेंट त्यात बसतो. भरती नसताना केलेली पाचशे रुपयांची लिपिड तपासणी बसत नाही. धोरण आखणाऱ्यांनी याचा विचार कधीतरी करावा. तोवर ते पाचशे आपणच टाकायचे आहेत.

आता तीन घरांचा हिशेब मांडून पाहू. सत्तावीस वर्षांचा नोकरदार, घराण्यात काही नाही, तंबाखू नाही: टेप आणि आरोग्य मंदिरातला किंवा ओळखीच्या दवाखान्यातला बीपी, लिपिड आणि साखर मिळून सातशेच्या आसपास. सगळं ठीक निघालं तर पुन्हा चार-पाच वर्षांनी. बीपी तेवढा दरवर्षी. चौतीस वर्षांची आई, पहिल्या बाळंतपणात बीपी वाढलेला: यंत्र दोन हजार, पूर्ण रक्त दीड हजार, लघवीची तपासणी पाचशे, फिजिशियनची फी चार-पाचशे. साडेचार हजार, त्यातलं यंत्र पुढे अनेक वर्षं चालणारं. एक्केचाळीस वर्षांचा दाल बाजारातला व्यापारी, वडिलांना एक्कावन्नाव्या वर्षी स्टेंट, दिवसभर तोंडात पुडी: यंत्र धरून वरचंच सगळं, त्यावर लायपोप्रोटीन-ए, अडीचशेचा ईसीजी आणि फिजिशियनऐवजी हृदयरोगतज्ज्ञाची हजारापर्यंत फी. साडेसहा हजारांच्या आसपास. डॉक्टर काठावर असले तर कॅल्शियम स्कोअर मिळून दहा-अकरा.

या तिसऱ्या गृहस्थाने आधी पुडीचा हिशेब करावा. तंबाखूमिश्रित गुटख्यावर देशात सर्वांत आधी, १ एप्रिल २०१२ पासून, बंदी घातली ती मध्य प्रदेशानेच. त्यानंतर टपरीवर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची एक अशी जोडी मिळू लागली आणि बंदी कागदावर अखंड राहिली. दिवसाला चाळीस रुपये धरले तर वर्षाचे १४,६०० होतात. कॅल्शियम स्कोअर सोडला तर वरच्या सगळ्या तपासण्या दोनदा करून वर पैसे उरतील. सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा फुकट फोन आहे, १८००-११-२३५६.

औषधाच्या भीतीने तपासणी टाळणारेही पुष्कळ. ‘एकदा सुरू झाली की जन्मभर’ ही भीती खरी, पण पैशांची बाजू हलकी आहे. जनऔषधी केंद्रात कोलेस्टेरॉलची एक आणि बीपीची एक अशा रोजच्या दोन साध्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च शंभर रुपयांच्या आसपास राहतो. मूल हवं असलेल्या किंवा गरोदर बाईला मात्र स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, आणि बीपीच्या काही गोळ्या चालत नाहीत, तेव्हा तिने डॉक्टरला आधी सांगून विचारावं.

वर म्हटलेलं सगळं बाजूला पडतं ते एका वेळी. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, अचानक तोल गेला किंवा दिसेनासं झालं तर १०८ ला फोन, आणि चोवीस तास सीटी स्कॅन चालू असलेलं रुग्णालय. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते घड्याळ माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून सुरू होतं. दहा मिनिटांत सगळं आपोआप ठीक झालं तरीही जायचं. तीच पुढच्या लकव्याची सर्वांत जवळची सूचना. छातीवर दाब येऊन घाम फुटला तर ‘गॅस’ म्हणून सोडा पाजत बसण्यापेक्षा अडीचशेचा ईसीजी ताबडतोब काढा. पहिला ईसीजी चांगला आला तरी त्रास चालू असेल तर रुग्णालय सोडू नका.

शेवटी दोन कागदपत्री गोष्टी. आरोग्य विमा घ्यायचा विचार असेल तर तो धडधाकट असतानाच घ्या. वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही. आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकते, पण तो लपवला तर ऐन वेळी दावा अडतो. तेव्हा बीपीची गोळी सुरू असेल तर फॉर्मवर लिहा. पॉलिसीत वर्षाला एक तपासणी फुकट आहे का तेही पाहा. पुष्कळांत असते आणि कुणी वापरत नाही. आयकर जुन्या पद्धतीने भरत असाल तर आरोग्य विम्याच्या वजावटीतच प्रतिबंधक तपासणीचे वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत धरता येतात, तेही रोख दिले असले तरी. नवरा, बायको, मुलं आणि आई-वडील यांचा खर्च त्यात चालतो. पावतीवर तारीख, तपासणीचं नाव आणि ज्याचं रक्त घेतलं त्याचं पूर्ण नाव आहे ना, एवढं लॅब सोडण्यापूर्वी पाहून घ्या.